अर्धा अंश

डिक्की आधी रिकामी करावी लागते, बाई.
मागे वजन असलं की गाडी नाक वर करते
आणि कॅमेरा आभाळ बघत राहतो.
मग निघालं एकेक:
कॅल्शियमच्या बाटल्या, खांद्यापर्यंतचे हातमोजे,
काथ्याचा दोर, गमबूट, सुकलेल्या गऱ्यांचा डबा.
टिकेकर बाई जनावरांच्या डॉक्टर.
निवळीच्या घाटात, रात्री,
त्यांच्याच गाडीला बैल आडवा आला.

काच नवी. बंपर जुनाच, लांबी भरून रंगवलेला;
ती लांबी मी परत खरवडायला लावली.
रडारला जाड रंगातून
गोधडीतून ऐकल्यासारखं ऐकू येतं.

मिरजोळ्याच्या आमच्या शेडची फरशी सपाट आहे,
असं मालक सांगतात.
नाही. दाराकडे तीन मिलिमीटर उतार आहे,
पावसाचं पाणी मला तो दरवर्षी दाखवतं.
दोन चाकांखाली पत्रे सरकवतो,
हवा मोजतो, ओळंबा सोडतो नाकाच्या मधोमध,
जमिनीवर खडूची रेघ, तिला काटकोनात दुसरी,
आणि ठरल्या अंतरावर उभा करतो तक्ता:
काळे-पांढरे चौकोन,
डोळ्यांच्या दवाखान्यात असतो तसा, फक्त अक्षरं नसलेला.

झुबेर पंखा बंद करतो, तक्ता डुलतो म्हणून.
लॅपटॉपवर घाम पडतो.
आकडा येतो: शून्य पूर्णांक पाच.
एवढ्याने काय होतं, बाई विचारतात.
शंभर मीटरवर जवळजवळ एक मीटर.
म्हणजे कडेचा माणूस रस्त्याच्या मधे दिसतो.
किंवा मधला, कडेला.

अब्बा भाट्याच्या खाडीत होडी आणायचे दोन खुणांवर.
मागे टेकडीवरचा एकटा माड,
पुढे बर्फाच्या कारखान्याची टाकी.
माड टाकीच्या डोक्यावर आला की सुकाणू सरळ धरायचं,
दोन्ही अंगांना वाळूच.
वादळात तो माड गेला.
पुढचे आठ दिवस अब्बा अगदी बिनचूक
दुसऱ्याच माडावर नजर ठेवून होडी वाळूत घालत होते.
डोळे चांगले होते. तीच तर फसगत.
नवव्या दिवशी बांबू घेऊन टेकडीवर चढले,
टोकाला खताची पांढरी गोणी,
आणि मला ओहोटीला, खोल पाण्याच्या मधोमध,
होडीत उभा करून हात करायला लावले.
डावीकडे. अजून. पुरे.
हे काम मी तिथे शिकलो.
सर्टिफिकेट पुण्याचं आहे.

तक्त्याचं झालं तरी रस्ता बाकी राहतो.
ताशी साठ, वीसेक मिनिटं, दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे.
पट्टे आणायचे कुठून?
हातखंब्यापर्यंत चिऱ्यांच्या ट्रकांनी सांडलेली तांबडी माती,
पुढे वळसा, परत वळसा, काम चालू आहे.
पडद्यावरचा गोल चाळीस टक्क्यांवर अडून बसला.
मी विचारलं, त्या बैलाचं काय झालं?

टाके घातले, म्हणाल्या. सोळा.
गाडीचा एकच दिवा उरला होता, त्याच्या उजेडात.
तो उभा राहिला गप्प, माझेच हात हलत होते.
मालक अजून सापडत नाही. पट्टी रोज मीच बदलते.
हल्ली तो माझ्याकडे बघतो ना,
तर जरासा बाजूला बघतो.

मी काही बोललो नाही.
पालीच्या पुढे नवं काँक्रीट लागलं,
पट्टे अजून टायर न लागलेले.
साठ. सत्तर. शहाऐंशी टक्के.
झुबेर मागून पुढे वाकला.
मग एक बारीक बीप, इतका बारीक
की तिघांनाही वाटलं दुसऱ्याचा फोन असेल.

बाईंनी आतून काचेला हात लावला,
कॅमेरा बसतो त्याच्या थोडा खाली,
जनावराच्या कपाळाला लावतात तसा.

परतताना त्यांनीच चालवली.
हातखंब्याला निवळीकडे रस्ता फुटतो,
तिथे त्यांनी वेग कमी केला.
गाडीने काही सांगितलं नव्हतं.
रस्ता मोकळा होता.